अर्थिंगचं पाणी

रेडिओ लागायला अजून अख्खी दुपार पडली होती, आणि देवमनच्या घरात सकाळपासून कोणालाच एका जागी गमत नव्हतं.

देवमन स्वतः दोनदा मूर्तिजापूरच्या स्टेशनावर जाऊन आला. शकुंतलेच्या, त्या छोट्या आगगाडीच्या, रुळांवर गँगमन म्हणून उभी हयात काढलेला माणूस. रिटायर झाला तरी जीव घाबरा झाला की पाय तिकडेच वळायचे. चतुराबाईनं एकदा निवडलेले तांदूळ पुन्हा सुपात घेतले होते. मोठी सून जाईबाई दर थोड्या वेळानं दारात जाऊन रस्ता पाही. तिचा नवरा, जानराव, अकोल्याहून गाडीनं यायचा होता. आणि धाकटी सून मैना दहा महिन्यांच्या गौतमीला या कडेवरून त्या कडेवर घेत नुसती फिरत होती. बाकीच्यांची तगमग आनंदाची होती. मैनेची भीतीची होती. रेडिओच्या अंगात वीज उतरली आहे हे तिला कळलं होतं, आणि ते कोणी ऐकून घेत नव्हतं.

त्या संध्याकाळी पार्बता नागपूरच्या रेडिओवर गाणार होती. देवमनची शेवटची लेक, मास्तरीण व्हायला नागपूरला शिकत होती. बुद्धपौर्णिमेच्या दिवशी बायकांच्या कार्यक्रमात तिचं एक गाणं होतं. एकच. पत्र आल्यापासून देवमन घुश्शात होता. "पोरीचा आवाज हाटेला-हाटेलात वाजन," तो म्हणाला होता, "भजे खानारे आयकतीन." चतुराबाई मात्र त्या दिवसापासून रेडिओच्या टेबलाभोवती अशी वावरत होती, जशी बाळंतघराच्या दाराशी आई वावरते.

सकाळची गोष्ट अशी झाली. बुधाजीनं, मैनेच्या नवऱ्यानं, रेडिओ चालतो का पाहायला प्लग लावला, खरखर ऐकून त्याचं समाधान झालं, आणि प्लग तसाच ठेवून तो विहिरीवर गेला. मैना भुई सारवत सारवत टेबलापाशी आली. धूळ झटकताना तिचं बोट आवाजाच्या बटनाला लागलं. बटन तरी कसलं. वरची काळी टोपी केव्हाच गळून हरवली होती, उरली होती ती लोखंडी कांडी. कोपरापर्यंत असा हिसका बसला की शेणाचा पोतेरा एकीकडं आणि ती एकीकडं. भानावर येऊन पाहते तर गौती रांगत रांगत टेबलाच्या पायाला धरून उभी राहू पाहत होती. मैनेनं आधी लेकीला उचललं, मग प्लग उपटला, मग तिला रडू आलं.

बुधाजी आला. एरियलची तार खिळ्याला गुंडाळायची म्हणून तो लाकडी स्टुलावर चढला होता. तिथूनच वाकून त्यानं प्लग लावला, कांडीला बोट लावून पाहिलं.

"कुठं काय? काईच तं नाई."

"अवो, मले हिसका बसला. खोटं काहून सांगू?"

"हात ओला असन तुया," तो म्हणाला, आणि तिच्याकडं न बघता प्लग काढून ठेवला. त्या न बघण्यात तिला कळलं, की याला थोडंसं पटलं आहे.

रेडिओ जानरावानं आणला होता. अकोल्याला तालुक्याच्या कचेरीत कारकून असलेला, घरातला पहिला मॅट्रिक. त्यानं स्वतः छपरावर दोन बांबू उभे करून जाळीची एरियल ताणली, स्वतः वायर वाढवून जोडली, आणि अर्थिंगची तांब्याची तार खिडकीतून काढून, टिनाच्या भिंतीला खिळ्यांनी ठोकत, अंगणातल्या खड्ड्यात पुरली. न्हाणीमागं जागा होती, तिथं पाणी आपोआप मुरलं असतं. पण तिथली तार कोणाला दिसली असती? म्हणून खड्डा समोर, दारातल्या दारात. खाली पत्रा, वर कोळसा आणि मीठ. दुकानदारानं बजावलं होतं की उन्हाळ्यात खड्ड्यात रोज घागरभर पाणी गेलं पाहिजे, माती कोरडी पडली की अर्थिंगचा काही उपयोग नाही. ते काम मैनेकडं आलं. रोज सकाळी न्हाऊन ती घागर आणी आणि खड्ड्यात ओती.

आणि एके दिवशी कुंपणापलीकडून गंगूबाई बोलली. गंगूबाई माळीण, फुलांचा मळा असलेली, तोंडाची फटकळ, मनात काही नसलेली.

"काय वं चतुरा, देव सोडले म्हनत होतीस ना? मंग आंगनात हा नवा कोन बसवला? सून तं रोज न्हाऊ घालून राहिली त्याले!"

गल्लीतल्या बायका खो खो हसल्या. चतुराबाई हसली नाही. दीक्षेनंतर घरातले टाक तिनं स्वतःच्या ओटीत बांधून नदीला नेले होते. परत येताना तिनं मागं वळून पाहिलं नव्हतं. गंगूबाई बोलली त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मैना घागर घेऊन निघाली तर सासू दारात आडवी.

"ठेव थे खाली. या घरातली बाई आता कोन्या खड्ड्याले पानी घालनार नाई."

त्याला महिना होऊन गेला होता. वैशाखाच्या उन्हानं खड्ड्यातली माती भाजून निघाली होती, कडेला बोट जाईल एवढी भेग पडली होती.

"आत्याबाई," मैना आता म्हणाली. सासूच्या सुपाजवळ ती मुद्दाम खाली बसली. उभ्यानं बोललं की चतुराबाईला भांडण वाटे. "आजच्या दिवस एक घागर टाकू द्या. माती सुकली म्हनून करंट रेडूत राहून राहिला. मले सकाळी हिसका बसला."

"बुधाजीनं पाह्यलं ना? त्याले काई झालं नाई."

"थे स्टुलावर होते. मी भुईवर होती."

"भुईवरच्या मानसाले येगळी वीज अन् स्टुलावरच्याले येगळी?" चतुराबाईनं सूप आपटलं. "आज साऱ्या गल्लीले बलावलं हाय म्या. गंगू येईन, तिचा भगवंत येईन. अन् त्याइच्या डोयासमोर खड्ड्याले पानी घालू? पार्बताच्या गान्याच्या दिवशी?"

"आत्याबाई, गौती…"

"गौतीले मांडीवर धर. कोन सोड म्हनते? अन् चार वाजता समोरची भुई एक डाव पुन्हा सारव. पाहुने बसतीन."

मैनेनं टेबलाकडं पाहिलं. सारवलेली ओली भुई, टेबलापुढं, आणि तिच्यावर गल्लीतल्या साऱ्या बायका अनवाणी मांडी घालून बसलेल्या.

जानराव आला तो हातात मिठाईची पुडी आणि कपाळावर घाम घेऊन. आल्या आल्या त्यानं रेडिओवरचं फडकं काढलं, जणू आपल्याच लेकराचं टोपरं.

मैना चुलीच्या आड झाली. भासऱ्यासमोर, थोरल्या दिरासमोर, धाकट्या सुनेनं यायचं नाही, त्याच्याशी बोलायचं तर नाहीच. चार वर्षांत तिनं त्याला एक शब्द विचारला नव्हता. त्याला काय म्हणून हाक मारायची हेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं. बोलायचंच झालं तर एक वाट होती, सगळ्याच सुना वापरत ती. तिनं गौतीला दाराच्या चौकटीत उभं धरलं, स्वतः चौकटीआड राहिली, आणि मोठ्यानं लेकीशी बोलू लागली.

"गौती, तुया मोठेबाबाले सांग, रेडू हिसका मारते म्हना. सकाळी माया मायले बसला म्हना. मेकॅनिक बलावा म्हना."

जानराव हसला. तोही तिच्याशी थेट बोलणार नव्हता. तो बायकोकडं वळला.

"जाई, तिले सांग, ओल्या हातानं इलेक्ट्रिकच्या वस्तूले हात लावला तर झटका बसणारच. हे सायन्स आहे. पाहा."

कचेरीच्या लिलावातून आणलेल्या लाकडी खुर्चीत तो बसला, पाय खुर्चीच्या आडव्या पट्टीवर टेकवले, प्लग लावला आणि कांडी धरली. काही झालं नाही. रेडिओ गुणगुणू लागला, पट्टी उजळली, कुठलंसं स्टेशन शिट्टी घालून गेलं.

"पाह्यलं? जाई, जरा आवाज वाढव, माझा हात घामेजला."

जाईबाई पुढं झाली. आणि मैनेनं चौकटीआडून पाहिलं: जाईबाईनं पदराचा शेव दोन-तीन वेढे बोटाला गुंडाळला, आणि मग कांडी पिळली. इतक्या सवयीनं, जसा तवा उतरवायला पदर घेतात.

चार वाजता भुई सारवताना मैनेचे हात जड झाले होते. वर टिनं तडतडत होती. गौतीच्या मानेवर घामोळं उठलं होतं. ती दूध धरायला तयार नव्हती, चावत होती, ओरडत होती, खाली सोड म्हणून अंग ताणत होती. नव्यानं रांगायला लागलेलं लेकरू म्हणजे पाण्याचा ओघ; त्याला उतार तेवढा दिसतो. आणि त्या खोलीतला सगळा उतार त्या उजळणाऱ्या पेटीकडंच होता.

जाईबाई खिरीला वेलची कुटत होती. मैना तिच्याशेजारी जाऊन बसली.

"बाई, पदर काहून गुंडाळला होता?"

"कोनता पदर?"

"बोटाले. कांडी पिळताना."

खलातला बत्ता थांबला. मग पुन्हा सुरू झाला, हळू.

"बसला हाय मले," जाईबाई खाली मान घालून म्हणाली. "दोनदा. भायेर ओलं धोतर वाळू घालाले गेली तं त्या टिनावरच्या तारेलेही बसला."

"अन् तुमी सांगतलं नाई?"

"कोनाले सांगू? त्यायनं सोताच्या हातानं वायर जोडली. साऱ्या कचेरीत सांगतलं, मीच बसवला म्हनून. मेकॅनिक बलावा असं एकडाव म्हनलं तं आठ दिवस बोलले नाईत. तुले का समजते, थे आठवड्यातून एकडाव घरी येतात, अन् थ्या दिवशी बोलत नाई म्हटल्यावर…"

"आज इथं लेकरं रांगतीन, बाई."

"धरून ठेव तुयीले."

मैनेला नंतर पुष्कळदा वाटलं की ते वाक्य आपण बोलायला नको होतं. पण तेव्हा ते तोंडातून निघून गेलं.

"तुमचे दोघं सुट्टीत चांदूर बाजारले मामाकडं हायेत, म्हनून तुमाले हे धकते."

जाईबाईनं वर पाहिलं. तिच्या डोळ्यात राग नव्हता, थप्पड बसल्यावर असतं तसं काहीतरी होतं. ती उठली आणि खल घेऊन मागच्या दारी निघून गेली.

बुधाजी अंगणात पाण्याची कोठी भरत होता. मैना त्याच्याकडं गेली.

"आता तुमीच बोला."

"दादासमोर? अन् मायनं पानी नाई म्हनलं तं मी काय करू?" त्यानं बादली खाली ठेवली, गौतीच्या पायाचा अंगठा चिमटीत धरला. "टेबलापुढं लाकडाचा पाट ठेवू. दादा म्हनतीन तं दोन ठेवू."

"गौती पाटावरून रांगत जाईन का?"

त्यानं खरोखरच दोन पाट नेऊन टेबलापुढं मांडले. चतुराबाईनं ते पाहुण्यांना बसायला म्हणून उचलून दुसरीकडं नेले.

दिवस कलला तशी माणसं यायला लागली. पांढरी लुगडी, पांढरी धोतरं. तसबिरीपुढं मेणबत्त्या लागल्या, त्रिशरण झालं. गंगूबाई मोगऱ्याची परडी घेऊन आली, मागं तिचा नवरा भगवंत.

"घे वं चतुरा, आजची सारी तोड तुयाच घरी. बजारात एक फूल गेलं नाई. पोरगी रेडूत गाते म्हनल्यावर!" आणि बसता बसता म्हणाली, "बाप्पा, भुई किती थंडी केली वं. जीव सुखावला."

बायका भुईवर बसल्या, भिंतीला पाठ टेकून. पुरुष दारात आणि ओट्यावर. देवमन आत आलाच नाही; अंगणात खाटेवर पाठ करून बसला, पण खाट त्यानं दाराजवळ ओढून घेतली होती. जानराव खुर्चीत. त्यानं प्लग लावला. पट्टी पिवळी झाली. हळूहळू आवाज आला, आधी लांबून, मग एकदम खोलीत: कोणी बाई लोणच्याची कृती सांगत होती.

"आता यानंतर," जानराव घड्याळ पाहून म्हणाला. "हे झालं की पार्बता."

मैना टेबलापासून सगळ्यांत लांब, कोपऱ्यात बसली होती. गौती तिच्या मांडीवर धनुष्यासारखी ताणली जात होती. मग तिनं टाहो फोडला. असा, की रेडिओतली बाई ऐकू येईना.

"अवं, सोड तिले!" चतुराबाई वळली. "आवळून धरली म्हनून रडते. आन इकडं." आणि मैनेला कळायच्या आत सासूनं नातीला ओढून घेतलं आणि आपल्यासमोर भुईवर ठेवलं. टेबलापुढं.

गौती लगेच गप्प झाली. ती पिवळ्या उजेडाकडं बघून हसली, आणि दोन्ही तळवे ओल्या भुईवर टेकून निघाली.

मैना कशी उठली, किती बायकांच्या मांड्यांवरून गेली, तिला कळलं नाही. तिनं लेकीला कमरेला धरून वर उचललं, आणि तिथंच, भर खोलीत, खुर्चीच्या समोर उभी राहिली. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता. हाक काय मारायची ते सुचेना. मग लेकीच्या वाटणीचं नातंच तिच्या तोंडी आलं.

"मोठेबाबा, खुर्चीवरून उतरा."

लोणच्याची बाई बोलतच होती. देवमननं खाटेवरून मान वळवली.

"काय?" जानराव म्हणाला. चार वर्षांत त्यानं तिला प्रथमच थेट काही विचारलं होतं.

"खुर्चीवरून उतरा. बायका बसल्या त्या भुईवर पाय ठेवा. अन् मंग थ्या कांडीले हात लावा. काई झालं नाई तं मी उद्या माहेरी जातो, तिवस्याले. पुन्हा तोंड दाखवत नाई."

"मैना!" चतुराबाई.

"बोलू द्या, आत्याबाई. आज बोलू द्या."

जानरावाचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. सगळी गल्ली बघत होती. त्यानं एक पाय पट्टीवरून काढला, ओल्या भुईवर ठेवला, मग दुसरा. उभा राहिला. शर्टाची बाही वर सारली.

"पाहा मग," तो म्हणाला, आणि त्यानं हात पुढं केला.

"नोका लावू!"

जाईबाईची किंकाळी होती ती. ती स्वयंपाकघरातून धावत आली, तिनं दोन्ही हातांनी नवऱ्याचा दंड धरून त्याला मागं ओढलं. खुर्ची पडली. "नोका लावू, मराल! मले दोनदा बसला. माहीत हाय मले, माहीत हाय…"

जानराव तिच्याकडं बघत राहिला. "तुले माहीत होतं?"

"भायेरच्या तारेलेही बसते," जाईबाई रडत म्हणाली, आणि तिनं मैनेकडं पाहिलं, नवऱ्याकडं नाही.

"टिनावरच्या?" भगवंत म्हणाला. टिनाच्या भिंतीला टेकलेल्या बायका एकदम पुढं सरकल्या. गंगूबाई तर उठून उभीच राहिली.

"सगळे अंगणात चला," जानराव घाईनं म्हणाला. "कोणी हात लावू नका. लांबून ऐकू. पाचच मिनिटं…"

"आंगनातच तं तार गाडली तू," देवमन बाहेरून म्हणाला. "कुठं बसवतं लोकाले?"

स्टेशनाजवळच्या हॉटेलात दुसरा रेडिओ होता, पण धावत गेलं तरी तिथं पोचेपर्यंत गाणं संपलं असतं. सगळेजण चतुराबाईकडं बघू लागले. पोर तिची होती. तिनं गंगूबाईकडं पाहिलं, मग दारातल्या खड्ड्याकडं.

"पानी घातलं तं बसनार नाई का करंट?" तिनं मैनेला विचारलं. सासूनं सुनेला विचारावं तसं नाही. वैद्याला विचारावं तसं.

"मले तं तसंच वाटते, आत्याबाई. पयले पानी होतं तवा कवा बसला नाई. पन आधी प्लग काढा."

बुधाजीनं भावाकडं न बघता प्लग काढला. चतुराबाईनं स्वतः घागर उचलली आणि खड्ड्यापाशी गेली.

"म्या मस्करीत बोलली होती वं, चतुरा," गंगूबाई मागून म्हणाली.

"माहीत हाय. सरक."

पाणी पडलं तशी माती फसफसली आणि क्षणात कोरडी झाली. दुसरी घागर गंगूबाईनं आणली. तिसरी बुधाजीनं. भेग मिटली, वर बुडबुडे आले. "लाव," चतुराबाई धापा टाकत म्हणाली, "लाव आता."

बुधाजीनं प्लग लावला. पट्टी उजळली. रेडिओला बोलतं व्हायला वेळ लागतो, तो वेळ कसा गेला ते ज्याचं त्याला ठाऊक. मग गुणगुण आली. मग आवाज:

"…आता गीत सादर करीत आहेत कुमारी पार्बता…"

मीटरच्या पेटीत फट् असा आवाज झाला. पट्टी पिवळ्याची तांबडी झाली, आणि विझली.

बुधाजीनं मेन स्विच खाली ओढला. जानरावानं प्लग उपटला, रेडिओ फिरवला, मागचा पुठ्ठा काढला. आत, त्यानं वाढवलेल्या वायरच्या जोडाला त्यानंच गुंडाळलेली चिंधी होती. उष्णतेनं ती काळी होऊन सुटली होती आणि उघडी तार रेडिओच्या लोखंडी सांगाड्याला टेकली होती. कोरड्या मातीत ती वीज दबून बसली होती. पाणी मुरत खालच्या पत्र्यापर्यंत पोचताच ती जमिनीत धावली आणि फ्यूज घेऊन गेली. मैनेला त्यातलं एवढंच कळलं, की आपण मागितलेल्या पाण्यानंच पार्बतेचं गाणं गेलं. त्या पार्बतेचं, जिनं भाकरी थापता थापता पिठात बोटानं अक्षरं काढून तिला वाचायला शिकवलं होतं.

"नवी तार लावतो," जानराव पुटपुटला. त्यानं तारेचा तुकडा उचलला. "फ्यूजले जाड तार लावतो, एका मिनिटात…"

"दादा," बुधाजी म्हणाला. "राहू दे."

असं तो भावाला याआधी कधी बोलला नव्हता. जानरावानं हातातली तार खाली ठेवली.

तेव्हा देवमन आत आला. त्यानं पडलेली खुर्ची सरळ केली, पण तिच्यावर बसला नाही. बायकांमध्ये, ओल्या भुईवर, मांडी घालून बसला.

"केवढं लांब हाय थे गानं?" त्यानं विचारलं.

"असन तीन-चार मिनिटांचं," जानराव म्हणाला.

"मंग बसा सारे. थे गाऊन राहिली असन."

सगळे बसले. जानराव भुईवर बसला, जाईबाईच्या शेजारी. भगवंतानं टोपी काढून मांडीवर ठेवली. पुढं तो मुका रेडिओ, मागून उघडा. तिकडं नागपूरला, कुठल्याशा बंद खोलीत, पार्बता उभी असेल. आपलं सगळं घर ऐकतं आहे या भरवशावर तिनं आवाज उचलला असेल. बाहेर चंद्र टिनांच्या वर आला होता. चतुराबाईचे ओठ मिटलेले होते आणि डोळे रेडिओच्या जाळीवर. कोणी खोकलं नाही. गंगूबाईनंसुद्धा तोंडाला पदर लावला होता. आणि मैनेला वाटलं, या घरात इतकं मन लावून कधी कोणी कोणाचं काही ऐकलं नसेल.

जानरावानं घड्याळ पाहिलं.

"झालं असन आता," चतुराबाई म्हणाली.

"पोरीले काय सांगाचं?" देवमननं विचारलं.

"आयकलं म्हनून सांगाचं नाई." तिनं नाकाला पदर लावला. "खरं सांगाचं. पुन्हा गाय म्हनाव. पुन्हा गाशीन तवा आयकू."

देवमन आता नाही म्हणाला नाही.

गौती मैनेच्या हातात पुन्हा ताणली जाऊ लागली होती. मैनेनं पाहिलं: तिच्या बोटांचे वळ लेकीच्या दंडावर उठले होते, इतकं तिनं सकाळपासून धरून ठेवलं होतं. तिनं प्लगकडं पाहिलं, तो भुईवर पडला होता. मेन स्विचकडं पाहिलं. तरी हात सुटेना. मग तिनं एक एक बोट उकलून हात सोडले.

गौती भुईवर उतरली. क्षणभर थांबली, कोणी धरतं का ते पाहिलं. मग आजोबाच्या गुडघ्याला वळसा घालून, मोठेबाबाच्या पायांवरून, ती टेबलापाशी गेली. टेबलाचा पाय धरून डगमगत उभी राहिली. जानरावाचा हात आपोआप पुढं आला. जाईबाईनं तो धरला. कोणी हललं नाही.

गौतीनं वर हात नेला, रेडिओच्या लाकडावर तळवा ठेवला, आणि मग दोन्ही हातांनी त्याला थापट्या मारू लागली. थप, थप, थप. आणि मैना, श्वास धरून, तिला मारू देत राहिली.